दोन फोन आणि शिकलेले शब्द

नवा फोन घेतला की त्याची जुन्याशी तुलना करण्याची एक ठरीव रीत झाली आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकते, पडदा किती इंचांचा, साठवण किती, असे रकाने पाडायचे आणि प्रत्येक रकान्यात नव्याच्या बाजूला मोठा आकडा लिहायचा. हा ताळेबंद खोटा नसतो. पण त्यात फोन वापरणारा माणूस कुठे दिसत नाही, आणि तो माणूस कोणत्या भाषेत लिहितो-वाचतो यासाठीचा रकाना तर मी अजून कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही. गेले चार महिने माझ्याकडे दोन फोन आहेत. एक २०१६ साली घेतलेला, दुसरा सुट्टीत घरच्यांनी आग्रहाने घेऊन दिलेला. मी मराठी शिकवते. टिपणे काढणे, विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देणे, कोश पाहणे, जुन्या अंकांतील लेख वाचणे, नातेवाइकांशी बोलणे, हे माझे फोनवरचे बहुतेक सारे काम मराठीत चालते. तेव्हा ही तुलना मी त्याच अंगाने करून पाहणार आहे. तंत्रज्ञांना तीत रस वाटावा असे फारसे काही नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांना कदाचित वाटेल.

प्रथम नव्या फोनचे देणे मान्य केले पाहिजे. जुना मी सोडला तो हौसेने नव्हे. बँकेचे ॲप एके दिवशी त्यावर चालेनासे झाले, मग महाविद्यालयाच्या हजेरीचे, आणि पुढे दुपारी तीनच्या सुमारास बॅटरी मान टाकू लागली. इतकी वर्षे राबलेल्या यंत्राबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याचा पडदा पाच इंचांचा होता. नव्याचा साडेसहा इंचांहून मोठा आहे. ई-पुस्तक वाचणाऱ्याला हा फरक तितकासा जाणवणार नाही, कारण तिथला मजकूर पडद्याच्या मापाप्रमाणे आपली मांडणी बदलून घेतो. परंतु मराठीतील जुने ग्रंथ आज महाजालावर ज्या रूपात मिळतात ते रूप बहुधा छापील पानांच्या छायाचित्रांचे असते. पान जसेच्या तसे. त्याच्या ओळी कमी-जास्त होत नाहीत. जुन्या फोनवर असे पान बोटांनी ताणायचे, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा मागे आणायचे, असा हातमागावरच्या धोट्यासारखा प्रकार चाले. संध्याकाळभरात सहा-सात पाने झाली तर खूप. नव्या फोनवर तेच पान आडवे धरले की डोळ्यांना ताण न देता वाचता येते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द शोधता येईल अशा रूपात आहेत, ही सोय जुन्या फोनवरही होतीच. पण शोधलेल्या शब्दाच्या आजूबाजूचे, न शोधलेले शब्दही वाचावेत, हा कोश वाचण्याचा खरा आनंद मला नव्या फोनने परत दिला.

कॅमेऱ्याचेही तसेच. ग्रंथालयातील जुन्या दिवाळी अंकांची पाने इतकी ठिसूळ झालेली असतात की छायाप्रत काढायला ग्रंथपाल परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फोनने छायाचित्र घेता येते. जुना फोन खिडकीजवळच्या उजेडातही अनुस्वार पुसून टाकी. नव्या फोनच्या छायाचित्रात कागदाचे रेशे दिसतात. एवढेच नव्हे, त्या छायाचित्रातील मजकूर निवडून अक्षररूपात वेगळाही करता येतो. अर्थात जुन्या खिळ्यांच्या छपाईपुढे हे यंत्र अजून गोंधळते. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि ‘ख’ सुटा छापलेला असेल तर त्याचे ‘रव’ होऊन बसतात. (माझ्या एका उताऱ्यात ‘सुख’ या शब्दाचा ‘सुरव’ झाला होता आणि तो अर्थाच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नव्हता.) दुरुस्ती करावी लागते, पण कोऱ्या पानापासून सारे टंकित करण्यापेक्षा दुरुस्ती केव्हाही बरी.

वजनाविषयी एकच वाक्य लिहिते. नवा फोन सुमारे दोनशे ग्रॅम भरतो, आणि रात्री उताणे झोपून वाचणाऱ्याच्या नाकाला हा आकडा तक्त्याशिवायही समजतो.

इथपर्यंत वाचनाचे झाले. लिहिण्याचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. साध्या फोनवरून लघुसंदेश पाठवण्याच्या काळात आपण मराठी रोमी लिपीत लिहीत होतो, हे आज अनेकांना आठवत असेल. त्याचे कारण आळस किंवा न्यूनगंड असे सांगण्याची पद्धत आहे. एक साधे कारण हिशेबाचे होते. एका लघुसंदेशाची जागा १४० बाइटांची. रोमी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून एका संदेशात अशी १६० अक्षरे मावत. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागत, म्हणून मर्यादा ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचे चिन्ह हे सगळे सुटे मोजले जाते. ‘स्त्री’ हा शब्द आपल्या दृष्टीने एका अक्षराचा. संदेशाच्या हिशेबात तो सहा चिन्हांचा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. म्हणजे आपल्या लिपीत खुशाली कळवायची तर दुप्पट, क्वचित त्याहूनही अधिक पैसे मोजावे लागत. भाषेच्या ऱ्हासाविषयी लिहिताना हे असे किरकोळ हिशेब आपण विचारात घेत नाही.

देवनागरी फोनवर आली ती युनिकोडमुळे. पुढे कळफलक आले. संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धत १९८६ पासून होती: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. वर्णमालेची रचना ज्यांच्या अंगात मुरली आहे त्यांच्यासाठी ती फार सुबोध आहे. पण ती दोन हातांसाठी रचलेली आहे आणि फोनवर आपण अंगठ्याने लिहितो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक २०१३ मध्ये आला तेव्हा मी तो हौसेने वापरला होता. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते. बोट ज्या दिशेला न्याल तो स्वर लागतो. बाराखडी ही पाठ करण्याची यादी असते, या चक्रात ती जागा आणि दिशा होते. प्राथमिक शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा असे मला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते. पुढे २०१६ च्या फोनवर मी दुसरा एक देवनागरी कळफलक घेतला. त्यात चक्र नव्हते, वर्णमालेच्या ओळी होत्या आणि वर शब्द सुचवणारी एक पट्टी होती. या पट्टीकडे पुढे यायचे आहे.

नवा फोन हातात आला तेव्हा त्याने मराठीसाठी पहिला पर्याय दिला तो रोमीतून देवनागरी करण्याचा. तुम्ही रोमी अक्षरांत ‘के, ए, एल’ टंकित करा, तो काल, काळ, कल, कळ असे शब्द पुढे ठेवील. हवा तो निवडा. वेग चांगला आहे. माझ्या वर्गातील बहुतेक मुले असेच लिहितात आणि माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने लिहितात. परंतु या रीतीत एक गोष्ट घडते. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांतला भेद लिहिणारा करीत नाही. तो भेद यंत्र करते आणि लिहिणारा त्याला मान डोलावतो. ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे शुद्धलेखनाचे अठरा नियम आम्ही शिकवतो. प्रत्यक्षात विद्यार्थी इकार-उकार लिहीत नाही, तो पट्टीवरून उचलतो. यामुळे त्यांचे लेखन अधिक अशुद्ध झाले असे मात्र मी म्हणणार नाही. फोनवरचे त्यांचे मराठी उत्तरपत्रिकेतल्या मराठीपेक्षा शुद्ध असते! ‘कवी’ शब्दातला दीर्घ यंत्राने दिला की तो बिनचूक येतो, हाताने लिहिताना तो पुन्हा ऱ्हस्व होतो. स्मरणाची जागा ओळखीने घेतली आहे. शब्द डोळ्यांसमोर आला तर बरोबर की चूक हे त्यांना कळते. समोर नसताना तो उभा करता येत नाही. यात काय गमावले आणि काय कमावले याचा निवाडा करण्याची मला घाई नाही. वाचक म्हणून आपण सगळेच अनेक शब्द ओळखतो आणि त्यांतले थोडेच स्वतः वापरतो. हे अंतर आता लेखनाच्या आत शिरले आहे, एवढे नोंदवून ठेवते.

दोन्ही फोनांत सारखी असलेली एक गंमत व्याकरणाच्या तासाला उपयोगी पडते. लिहिलेल्या मजकुरात खूण पुढे-मागे नेली तर ती पूर्ण अक्षराने चालते. ‘स्त्री’च्या मधोमध ती थांबत नाही. खोडायला लागलो तर मात्र फोन एकेक चिन्ह खोडतो. आधी ईकार जातो, मग र, मग हलन्त. म्हणजे यंत्र चालते अक्षराने आणि मोडते वर्णाने. अक्षर आणि वर्ण यांतला भेद फळ्यावर अर्धा तास समजावण्यापेक्षा विद्यार्थ्याला ‘स्त्री’ लिहून हळूहळू खोडायला सांगावे.

दुसरी गोष्ट गमतीची कमी आणि त्रासाची अधिक आहे. डोळ्यांना एकच दिसणारे रूप आत दोन प्रकारे साठवलेले असू शकते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागवत आणि अजूनही भागवतात. ‘दऱ्या’तल्या त्या आडव्या रफाराचेही दोन मार्ग आहेत. तो नीट उमटला नाही तर दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, डोंगरातला माणूस समुद्रात पडतो, हे सर्वांना माहीत आहे; परंतु तो नीट उमटूनही शोधताना सापडेनासा होतो, हे कमी जणांना ठाऊक असते. माझी जुन्या फोनवरची सहा-सात वर्षांची टिपणे नव्या फोनवर आली. त्यांत ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे मी कुठेतरी लिहिले होते. शोध घेतला तर काही नाही. टिपण डोळ्यांनी चाळले तर शब्द समोर. जुन्या कळफलकाने तो एका वाटेने लिहिला होता, नवा दुसऱ्या वाटेने शोधत होता. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. पोथ्यांमध्ये दिसायला दोन, पण वास्तवात एक असे पाठ असतात. इथे दिसायला एक आणि आत दोन.

आता त्या पट्टीविषयी.

माझी आई कुडाळ तालुक्यातली. शाळा चौथीपर्यंत. वाचता उत्तम येई, लिहिणे नको म्हणे. २०१७ मध्ये भावाने तिला एक फोन दिला तेव्हापासून ती गेली त्या २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत आमचा एक परिपाठ होता. ती बोलून संदेश पाठवी, मी लिहून उत्तर देई. माझे उत्तर अर्थात मालवणीत. वर्गात, सभेत, लेखात मी जी मराठी वापरते तिच्यात मी आईशी एक वाक्यही कधी बोलले नव्हते, तर लिहिणार कशी? अशा रीतीने पाच वर्षे माझ्या अंगठ्याने रोज थोडी मालवणी लिहिली. छापील मालवणी मी वाचली होती, रंगभूमीवर ऐकली होती. १९८० सालच्या ‘वस्त्रहरण’ने ती मुंबईच्या नाट्यगृहांत नेली आणि लोकांनी तिला मनापासून दाद दिली. पण त्या दादीत हसण्याचा वाटा मोठा होता. प्रमाण मराठीच्या रंगमंचावर बोलीला पाऊल ठेवायचे तर बहुधा विनोदाचा परवाना घ्यावा लागतो. आईला लिहिलेल्या माझ्या संदेशांत विनोद नव्हता. औषधे, पाऊस, कोणाचे लग्न ठरले, मांगराचे छप्पर शाकारले की नाही, असे विषय.

जुन्या फोनचा कळफलक हे सगळे शिकत होता. आरंभी तो ‘माका’ लिहिले की ‘मका’ सुचवी, ‘खंय’ लिहिले की ‘खाऊ’. महिन्या-दोन महिन्यांत त्याने हट्ट सोडला. ‘मा’ लिहिताच ‘माका’ येऊ लागले, ‘खं’ लिहिताच ‘खंय’. ‘जे’ लिहिले की ‘जेवलंस’ आणि त्यापुढे आपोआप ‘काय’. ‘वा’ लिहिले की ‘वाचन’, ‘वाङ्मय’ यांच्या आधी ‘वायंच’. या शेवटच्या क्रमाने मला अनेकदा विचारात पाडले आहे. पट्टीवरचा क्रम वारंवारतेचा असतो. वाङ्मयाच्या अध्यापिकेच्या फोनमध्ये ‘वायंच’ हा शब्द ‘वाङ्मय’च्या पुढे होता, याचा अर्थ माझ्या लेखनाचा खरा हिशेब त्या यंत्राकडे होता. माझ्या नावावर जे छापले गेले आहे त्यावरून कोणी माझ्या शब्दसंपत्तीचा अभ्यास केला (कोणी करणार नाही, ते सोडा), तर त्याला ‘वायंच’ सापडणार नाही.

नवा फोन आला तेव्हा दुकानातल्या मुलाने दोन फोन शेजारी ठेवून जुन्यातले सारे नव्यात उतरवून दिले. छायाचित्रे आली, क्रमांक आले, टिपणे आली. आईचे आवाजातले संदेशही आले, आणि माझी लेखी उत्तरेही. आली नाही ती पट्टी. नव्या कळफलकाला माझ्याविषयी काहीच माहिती नव्हती. ‘माका’ला पुन्हा ‘मका’. ‘वायंच’खाली लाल रेघ. लाल रेघ ही आमच्या पेशाची जुनी खूण आहे, त्यामुळे तिचा राग येत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. आईचा आवाज नव्या फोनमध्ये आला आणि तिच्याशी बोलणारी माझी भाषा जुन्यातच राहिली.

शब्द हरवले असे म्हणता येणार नाही, कारण संदेश शाबूत आहेत. परंतु संदेशांत शब्द शोधायचा तर तो आधी आठवावा लागतो. पट्टीवर न आठवलेला शब्द येतो. परवा जुन्या फोनवर ‘व्हा’ एवढेच लिहिले तर ‘व्हाळ’ आला. ओढ्याला मी लहानपणी दुसरा शब्दच वापरत नव्हते, आणि हे मी विसरून गेले होते.

नव्या फोनवर बोलून लिहिण्याची सोय चांगली चालते. मराठीसाठी ती २०१७ पासून उपलब्ध आहे. तेव्हाच्या मानाने आता ती पुष्कळच सुधारली आहे. प्रमाण मराठीत सावकाश बोलले तर परिच्छेदचे परिच्छेद जवळजवळ बिनचूक उमटतात. मी तिच्यापुढे मालवणी बोलून पाहिली. ‘खंय’चे ‘काय’ झाले, ‘माका’चे पुन्हा ‘मका’, आणि क्रियापदांची सगळी रूपे ओढून-ताणून पुण्याकडे वळवली गेली. वाक्य निरर्थक झाले असते तर बरे. तसे झाले नाही. ते दुसरेच, शुद्ध, अर्थपूर्ण वाक्य झाले. ‘खंय गेल्लंस’ म्हणजे कुठे गेली होतीस. पडद्यावर आले ‘काय गेलं’. ज्याने मूळ बोलणे ऐकले नाही त्याला यात चूक आहे असे कधीही वाटणार नाही.

इथे मला बहिणाबाई चौधरी आठवतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. टिपणारा स्वतः कवी होता आणि प्रमाण मराठीत लिहिणारा होता. तरी त्याने आईच्या खानदेशी बोलीला हात लावला नाही. ही गोष्ट आपण त्या काव्याच्या थोरवीत गृहीत धरतो, वेगळी मोजत नाही. आज एखाद्या जात्याशेजारी फोन ठेवून गाणे ‘टिपून’ घेतले तर पडद्यावर काय उमटेल? लय थोडीफार राहील, शब्द मराठीच असतील, आणि बोली गेलेली असेल. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्याला जे मराठी पुरवले गेले ते आपण वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, संकेतस्थळांवर लिहून ठेवलेले मराठी आहे. बोलीत आपण लिहिलेच किती? यंत्राच्या मराठीचा संकोच हा आपल्या लिखित मराठीचाच संकोच आहे, फक्त तो आता अंगठ्याखाली येऊन बसला आहे.

जुन्या फोनची बाजू मी अवाजवी घेते आहे असे वाटू नये म्हणून आवाजाविषयीही लिहिले पाहिजे. जुन्या फोनचा कर्णा बारीक आणि चिरका होता. आईचे संदेश मी पाच वर्षे त्यावरच ऐकले, त्यामुळे तिचा फोनवरचा आवाज तसाच असतो अशी माझी समजूत होती. नव्या फोनवर तेच संदेश ऐकले तेव्हा तो आवाज खालच्या पट्टीत गेला, घरातल्यासारखा झाला. आणि त्यामागे इतर आवाज ऐकू येऊ लागले, जे त्या ध्वनिमुद्रणांत पहिल्यापासून होते. कावळे. पन्हाळीवरून पडणारे पाणी. एका संदेशात ती मला रक्तदाबाच्या गोळीविषयी सांगते आहे आणि मागे कोणीतरी खळ्यात चुडते ओढत नेते आहे. तो खरखराट इतका स्पष्ट आहे की ओढणारा कुठून कुठे गेला हे कळते. आणखी एकात ती बोलता बोलता थांबते, फोन बाजूला ठेवते, कोणाला तरी ‘हय ठेव’ म्हणते, आणि पुन्हा बोलू लागते. हे ‘हय ठेव’ जुन्या फोनवर मला कधीच ऐकू आले नव्हते. ते मला उद्देशून नव्हते हे खरे. पण आईचे एक नवे वाक्य मला ती गेल्यानंतर काही वर्षांनी मिळाले, आणि ते या नव्या फोनने दिले.

मग दोन्ही ठेवावेत असे ठरवले. नव्यात सिमकार्ड आहे. तो घराबाहेर जातो, बँकेचे व्यवहार करतो, छायाचित्रे घेतो, रात्री कोश वाचतो. जुना टेबलावर चार्जरला जोडलेला असतो. अडचण एवढीच की त्याची बॅटरी आता फुगू लागली आहे आणि मागचे झाकण एका कोपऱ्यात उचलले गेले आहे. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले की असा फोन चार्जरला लावून ठेवणे बरे नाही. या मापाची बॅटरी मिळाली तर बसवतो, पण मिळेल असे वाटत नाही. शिकलेले शब्द बाहेर काढून नव्यात घालता येतील का, हेही त्याला विचारले. मी स्वतः होऊन कोशात घातलेले शब्द काढता येतात, असे तो म्हणाला. ते अकराच निघाले. वापरातून शिकलेल्या शब्दांची यादी कळफलक दाखवत नाही. तो कोश उघडता येत नाही; त्याला अक्षर सांगायचे आणि तो काय देतो ते पाहायचे.

तेव्हा मी तेच करते आहे. रोज रात्री अर्धा तास फोन जोडायचा, एकेक अक्षर लिहायचे, त्याला काना-मात्रा लावत जायचे, आणि पट्टीवर जे मालवणी शब्द येतील ते वहीत उतरवायचे. शेजारी अर्थ, आणि आठवले तर आई तो कुठल्या वाक्यात वापरी ते. वहीतल्या नोंदी मग नव्या फोनच्या कोशात घालते. काही शब्दांपाशी हात थांबतो. ‘आये’ हा शब्द स्वरांत लगेचच आला. तो नव्या फोनला शिकवायचा की नाही हे अजून ठरवलेले नाही. काही शब्दांचा उच्चार मला ठाऊक आहे, पण ते कसे लिहावेत याचा निर्णय पूर्वी घाईत, संदेशापुरता घेतलेला होता. ‘वायंच’ की ‘वायच’? जुन्या फोनला दोन्ही ठाऊक आहेत. पहिले आधी सुचवतो. मी वहीत दोन्ही लिहिले आहेत.

स्वर संपले, क-वर्ग झाला, ‘च’ चालू आहे. ‘चे’ लिहिले की अजून ‘चेडू’ येते.